तापणारा संगणक : उष्णतेच्या वाटेचा एक पाठ

हेतू : संगणकाचा प्रोसेसर अतिशय तापत असल्यास त्याचे कारण मोजमापाने व क्रमाने शोधण्यास शिकविणे, उष्णतेचे वहन व अभिसरण यांचा व्यवहारातील प्रत्यय देणे.

साहित्य : डेस्कटॉप संगणक, खोलीचे तापमान दाखविणारा तापमापक, मऊ ब्रश, सुती कापड, स्क्रू ड्रायव्हर, थर्मल पेस्ट, नोंदवही.

प्रस्तावना

वर्गणीतून सुटे भाग आणून जोडलेला एकच संगणक पुष्कळ शाळांना पुरवावा लागतो. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याची खोली त्याहून तापते. त्यापूर्वी ज्वारीच्या खळ्यांची धूळ खिडकीवाटे आत आलेली असते. अशा दिवसांत पाठ चालू असता संगणक प्रथम मंदावतो, पंखा घोंघावू लागतो आणि एकाएकी पडदा काळा होतो. ‘यंत्र गेले’ असा निर्णय होऊन ते कपाटात जाते किंवा नव्या प्रोसेसरसाठी खर्च होतो. वास्तविक सुमारे १०० अंशांवर पुष्कळ प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात व त्याहून तापल्यास स्वतःस बंद करतात. हे यंत्राचे मरण नव्हे, आत्मरक्षण होय. दोष बहुधा प्रोसेसरात नसून उष्णतेच्या वाटेत असतो.

विषयविवेचन

साधा प्रोसेसर कामाच्या भरात सुमारे ६५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. ६० वॅटचा जुना दिवा हाती धरवत नाही, हे मुलांना ठाऊक असते. येथे तेवढीच उष्णता बोटाच्या नखाएवढ्या तुकड्यात निर्माण होते. तिची वाट अशी : प्रोसेसर, त्यावरील थर्मल पेस्ट, हीटसिंक म्हणजे धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा, पंख्याची हवा, पेटीबाहेरील हवा. पहिल्या तीन टप्प्यांत वहन, पुढील दोहोंत अभिसरण. यांपैकी एक टप्पा तुंबला की सर्व उष्णता मागे साठते.

ही अडचण नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या व त्या तापूनच काम करीत. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता नेण्यासाठी द्रवपदार्थ थेट प्रोसेसरपर्यंत खेळविला आहे. साधने बदलली, उष्णतेला वाट देण्याचे तत्त्व तेच राहिले.

कृती

१. प्रथम मोजावे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली असता बायोसचे पान उघडते. त्यात प्रोसेसरचे तापमान दिसते. दहा मिनिटांनी ते व खोलीचे तापमान लिहून घ्यावे आणि दोहोंतील फरक काढावा. समजा, सकाळी खोली २६ व प्रोसेसर ४६. दुपारी खोली ३९ व प्रोसेसर ५९. दोन्ही वेळा फरक २० अंशच आहे. म्हणजे यंत्र निर्दोष, ऋतूच उष्ण. हाच फरक ४५ किंवा ५० निघाल्यास दोष शोधावा. पंख्याने प्रोसेसर खोलीच्या हवेहून थंड होऊ शकत नाही, हेही मुलांकडून वदवून घ्यावे. तापमान कमी असताही संगणक बंद पडत असेल, तर उष्णतेस दोष न देता वीजपुरवठा तपासावा.

२. चढण्याचा वेग पाहावा. सुरू करताच मिनिटाभरात पारा ९० गाठत असेल, तर हीटसिंकची पकड, पेस्ट किंवा पंखा यांत दोष संभवतो. अर्ध्या तासात हळूहळू चढत असेल, तर धूळ, पेटीतील कोंडलेली हवा किंवा खोली कारण असते.

३. स्पर्शाने पडताळावे. संगणक बंद करून प्लग काढावा, पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा व मग हीटसिंकजवळ बोट नेऊन अंदाज घ्यावा. प्रोसेसर ९५ अंश दाखवीत होता आणि हीटसिंक मात्र गार आहे, तर उष्णता तेथवर पोचतच नाही. हीटसिंक कढत असेल, तर हवा ती वाहून नेत नाही.

४. मग उपाय करावा. धूळ ब्रशने झाडताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. पंख्याची तार मदरबोर्डावरील नेमक्या जागी आहे का, चारही खुंट्या पक्क्या बसल्या आहेत का, नव्या हीटसिंकखालील प्लास्टिकचा पापुद्रा काढला आहे का, हे पाहावे. पेस्ट वाळली असल्यास जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी मध्यभागी ठेवावी व हीटसिंक समोरासमोरील कोपरे दाबून बसवावा. पेस्टचे काम बारीक फटी भरण्यापुरतेच. जाड थर उष्णतेस अडवितो. हे काम शिक्षकांनी करावे, मुलांनी पाहावे. वीजपुरवठ्याची बंद पेटी कोणीही उघडू नये.

५. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर पुन्हा फरक मोजावा. धूळ, पेस्ट व पंखा एकदम बदलले, तर संगणक सुधारेल. परंतु कशाने सुधारला, हे कळणार नाही आणि पुढील वर्षी तोच खर्च पुन्हा होईल.

उपयोजन

पेटीचे एक दार उघडे ठेवून फरक मोजावा. तो पुष्कळ घटला, तर पेटीत हवा खेळत नाही असे समजावे. तिची मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. उन्हाळ्यात संगणकाचा तास सकाळीच घ्यावा.

स्वाध्याय : आठवडाभर रोज सकाळ-दुपार खोलीचे व प्रोसेसरचे तापमान नोंदवून फरकाचा आलेख काढा. फरक वाढलेला दिवस कोणता व त्या दिवशी काय निराळे घडले, ते लिहा.

अंदाजाने ‘बिघडले’ म्हणणे सोपे असते. मोजून, क्रमाने कारण शोधण्याची सवय मुलांना एकदा लागली, की ती विहिरीवरील पंपाजवळ व पिठाच्या गिरणीतही त्यांच्या उपयोगी पडेल.