समानार्थी शब्द आणि पतपत्र

समानार्थी शब्द शिकवताना मी एक उदाहरण बाजारातून घेतो. साहित्याच्या वर्गात ते विचित्र वाटते, पण विद्यार्थी ते विसरत नाहीत.

परदेशी व्यापारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसतात. म्हणून घेणाऱ्याची बँक पतपत्र देते. व्यापारी त्याला ‘एलसी’ म्हणतात. ठरलेली कागदपत्रे ठरल्याप्रमाणे सादर झाली, तर पैसे देण्याची हमी बँक घेते. माल तिने पाहायचा नसतो, फक्त कागद वाचायचे. म्हणजे हे काम मुळात वाचकाचेच, आणि तेही कठोर वाचकाचे.

‘रेनर विरुद्ध हॅम्ब्रोज बँक’ हा इंग्लंडमधील खटला 1943 च्या निवाडासंग्रहात आहे. पतपत्रात ‘कोरोमांडल भुईमूग’ असे लिहिले होते. विक्रेत्याच्या बिलात तेच शब्द होते, पण जहाजाच्या भरणपत्रात ‘यंत्राने सोललेले भुईमुगाचे दाणे’ असे आले. लंडनच्या बँकेने पैसे नाकारले. या धंद्यात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, हे खालच्या न्यायालयाने मान्य केले होते. अपील न्यायालयाने मात्र बँकेची बाजू घेतली: हजार धंद्यांची परिभाषा बँकेला ठाऊक असावी, अशी अपेक्षा करता येत नाही. (बडोद्यात ‘खारी सिंग’ मागितली की खारे दाणे मिळतात, मराठी पाहुण्याला त्यात बैलाचे शिंग ऐकू येते. तेव्हा बँकेला फार हसू नये.)

मला हा निर्णय कोरडा वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. समानार्थ हा शब्दांत नसतो, तो वापरणाऱ्यांच्या समूहात असतो, आणि बँक त्या समूहाबाहेर उभी असते.

आजचे नियम थोडे सैल आहेत. 1 जुलै 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 नुसार मालाचे वर्णन बिलात पतपत्राशी जुळावे लागते. इतर कागदांत ते विसंगत नसेल, तर मोघम चालते. तपासणीला बँकेला जास्तीत जास्त 5 कामाचे दिवस मिळतात. ‘मशीन’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले तरी हरकत नाही. ‘मॉडेल 321’च्या जागी ‘मॉडेल 123’ आले, तर मात्र आहे. अर्थ बदलणारी चूक आणि न बदलणारी चूक यांतला फरक शुद्धलेखनाच्या तासाला यापेक्षा चांगला कसा सांगावा?

आपल्या हुंडीचा मार्ग वेगळा होता. रक्कम बदलली जाऊ नये म्हणून शंभर रुपये लिहून पुढे ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट’ असे लिहीत. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे द्यायचे ते पेढीवरच्या प्रतिष्ठित शाहाला किंवा त्याच्यामार्फत. ‘शाह’ कोण, हे कागदावर नसे, बाजाराला माहीत असे. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. तिथे अर्थ ठरवायचा तो त्या बाजाराला विचारूनच.

पुढच्या तासाला मी विद्यार्थ्यांना दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचायला देतो.