विज्ञानशिक्षकाचा मार्गदर्शक विज्ञानशिक्षकच

नांदेडजवळ गोदावरीच्या काठी वसलेल्या विष्णुपुरी येथे नदीचे पाणी अडवून ते पंपांच्या साहाय्याने उंचावरील कालव्यांत सोडले जाते. याच परिसरात १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. विज्ञानाची एवढी साधने एकत्र लाभलेली गावे मराठवाड्यात थोडीच आहेत. तथापि सहावी-सातवीच्या कोणत्याही वर्गात “पंप पाणी वर कसे आणतो?” असे विचारले असता “ओढून” असेच उत्तर बहुधा मिळते. अनेकदा शिक्षकांचीही समजूत तीच असते. यात त्यांचा दोष मानता येणार नाही. उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकविणारा शिक्षक बहुधा एकटाच असतो. शंका विचारावी असा सहकारी त्याला शाळेत नसतो.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या शेजारी, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात झाला. १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांतून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७८ साली जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पोहोचला. उन्हाळी प्रशिक्षणात शिक्षक स्वतः प्रयोग करीत. वर्षभर दरमहा बैठक होई आणि अनुभवी शिक्षक इतर शाळांना भेटी देत. प्रारंभी विद्यापीठांतील शास्त्रज्ञ प्रशिक्षण देत असत. कालांतराने त्या कामात वर्गावरच्या शिक्षकांचाही मोठा वाटा झाला. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला. महाराष्ट्रातही मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोडा परिसरात ग्रामीण शिक्षकांसमवेत काम केले होते.

मासिक बैठकीत काय घडावे, हे पंपाच्याच उदाहरणाने पाहता येईल. मार्गदर्शक शिक्षकाने “तुमचे उत्तर चूक आहे” असे म्हणण्याचे कारण नाही. त्याने प्रत्येकाच्या हाती शरबत पिण्याच्या दोन नळ्या द्याव्यात. एक नळी पेल्यातील पाण्यात व दुसरी पेल्याबाहेर धरून, दोन्ही तोंडात घेऊन पाणी ओढावयास सांगावे. पाणी चढत नाही. बाहेरच्या नळीतून हवा आत येते. मग बाहेरची नळी बोटाने बंद करताच पाणी चढू लागते. ओढणे तेच असता फरक का पडला, यावर शिक्षकांनी आपसांत वाद घालावा. तोंडातील हवेचा दाब कमी झाल्यावर बाहेरची हवा पेल्यातील पाण्यास वर ढकलते, हे त्यातून हाती येते. हवेचा दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो; व्यवहारात सात-आठ मीटरपलीकडे पाणी चढत नाही. म्हणूनच शेतकरी खोल विहिरीत मोटार आत उतरवून बसवितो. पंपापर्यंत आलेले पाणी पुढे ढकलण्यास मात्र ही मर्यादा नाही, आणि विष्णुपुरीचे पाणी कालव्यापर्यंत चढते ते यामुळेच. शेतकऱ्याचे हे ज्ञान शाळेत क्वचितच पोहोचते.

असे मार्गदर्शन करणाराही आठवडाभर मुलांना शिकवीत असावा, हे महत्त्वाचे. त्याला वर्गातून काढून केवळ दौऱ्यावर पाठविले की तो तपासनीस होतो. इतर शिक्षक त्याला अडचण सांगण्याऐवजी वह्या दाखवू लागतात. केंद्रप्रमुखांनी बैठक जरूर बोलवावी, पण त्या दिवशी माहितीचे तक्ते भरून घेऊ नयेत. शेजारच्या शाळेत पाठ पाहावयास जाणारा शिक्षक कर्तव्यावर समजला जावा व त्यास प्रवासखर्च मिळावा. सौजन्यावर चालणारे मार्गदर्शन एका सत्रापलीकडे टिकत नाही.

शाळेतील प्रयोगसाहित्याचाही प्रश्न आहे. काचेच्या नळ्या व भिंगे बहुधा कपाटात कुलूपबंद राहतात, कारण एखादी वस्तू फुटली तर जडवस्तू नोंदवहीत जाब द्यावा लागेल, ही धास्ती असते. शाळा व्यवस्थापन समितीने दरवर्षी फुटणाऱ्या साहित्याचे वेळेवर निर्लेखन करून घ्यावे, ग्रामपंचायतीने नव्या नळ्यांसाठी थोडी तरतूद ठेवावी आणि कपाटाची किल्ली विज्ञानशिक्षकाजवळ असू द्यावी.