करिंथची मंडळी पौलाने सोडली का?

आजचं वाचन: १ करिंथ १:१-१३, ११:१७-२२



"दादा, आमच्या मंडळीत आता राहवत नाही, दुसरीकडे जाऊ का?" पुण्या-मुंबईत नोकरी करणारे तुमच्यापैकी बरेच जण हे विचारतात. कारणं ओळखीची असतात. कमिटीत दोन गट, हिशेब वेळेवर येत नाही, तरुणांची आठवण फक्त नाताळात खुर्च्या लावायला होते. मी येवल्यात घरूनच काम करतो, माझी मंडळी लहान आहे, आणि यातलं निम्मं मीही पाहिलंय.

म्हणून आज करिंथ. पौल तिथे दीड वर्ष राहिला होता (प्रे. कृत्ये १८:११), म्हणजे ती त्याच्या घामाची मंडळी. आता तो इफिसात आहे आणि बातम्या येतायत. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. प्रभुभोजनाला काही जण आधीच खाऊन-पिऊन झिंगलेले, आणि गरीब उपाशी. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त बोचतं, कारण तिथे मेजावरच माणसांची प्रतवारी लागली होती.

तरी पत्राच्या सुरुवातीला तो त्यांना देवाची मंडळी म्हणतो, आणि चौथ्या वचनात त्यांच्यासाठी उपकार मानतो. मग एकेक गोष्ट नाव घेऊन काढतो. बातमी ख्लोवेच्या माणसांकडून कळली, हेही उघड सांगतो. आमच्या कामात बग रिपोर्टवर नाव लागतं. निनावी कुजबुजीने कोड सुधारत नाही. पौलाने तक्रार इफिसात चघळली नाही, करिंथलाच लिहून पाठवली.

पण निष्ठा म्हणजे सगळं सोसणं, असं मी येवल्यात बसून तरी म्हणू शकत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावातल्या परिषदेत हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. जिथे माणूसपणच नाकारलं जातं तिथे थांबा, असा उपदेश या गावात कोणी करू नये. मंडळीत जातीवरून वागणूक मिळत असेल, मुलांना किंवा बायकांना इजा होत असेल, तर गप्प बसणं निष्ठा नाही. तिथे पोलिसांकडे जायचं. पाचव्या अध्यायात पौलसुद्धा मर्यादा आखतोच.

बाकीच्या कुरबुरींसाठी मला ना. वा. टिळक आठवतात. शिक्षण नाशिकला झालेलं, लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, म्हणजे आपल्याकडचेच जावई. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मंडळीचं परदेशी वळण त्यांना खटकायचं, आणि ते स्पष्ट बोलायचे. पण नुसतं बोलून थांबले नाहीत. अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. म्हणजे संस्था सोडावी लागते अशी वेळही येते, हे मान्य. मात्र त्याआधीची बावीस वर्षं विसरू नका. आज मराठी उपासनेत त्यांची गाणी गात नाही अशी मंडळी मला तरी भेटलेली नाही. संप्रदाय कोणताही असो.

यूट्यूबवरची उपासना छान असते, मीही बघतो. पण तुमची आजी आजारी पडली तर तो चॅनल घरी प्रार्थनेला येणार नाही. तिथे येणार कोण? तर कमिटीत भांडणारे ते दोन काका, बहुतेक एकाच मोटरसायकलवर.

या आठवड्यात एक करा. जी गोष्ट खटकते ती ग्रुपवर टाकू नका. पाळकांना फोन करून वेळ मागा, समोर बसून सांगा. हिशेब हवा असेल तर वार्षिक सभेला जा आणि उभं राहून विचारा. आणि त्या महिन्याचं दान थांबवू नका.

प्रभू, आमच्या पाळकांना आज झोप नीट लागू दे. त्या दोन काकांना एकमेकांशी बोलायला लाव. आमेन.

उद्याचं वाचन: १ करिंथ ६:१-८