घेण्याआधीची कसोटी

प्रस्तावना

बाजारात नवी वस्तू आली की ती आपल्याकडे असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तू जितकी नवी, तितकी तिची पारख अवघड. धान्य, कापड, भांडी यांची पारख आपण घरातील मोठ्या माणसांकडून शिकतो. संगणकाशी जोडावयाच्या उपकरणांची पारख मात्र आपली आपल्यालाच शिकावी लागते. प्रस्तुत पाठात लखनौ शहरातील एका तरुणाच्या उदाहरणावरून ही पारख समजून घ्यावयाची आहे. हा तरुण काल्पनिक आहे. त्याच्यापुढील प्रश्न मात्र खरा आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्ही –
• व्हीआर हेडसेटमुळे खोलीचा भास कसा होतो, हे सांगू शकाल;
• असे उपकरण निवडताना कोणत्या बाबी तपासाव्यात, हे स्पष्ट करू शकाल;
• गरज आणि मोह यांतील फरक उदाहरणासह मांडू शकाल;
• ‘कस’ या शब्दावरून आलेल्या वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करू शकाल.

मूलपाठ

लखनौच्या हुसैनाबाद भागातील चित्रवीथीत अवधच्या नवाबांची पूर्णाकृती चित्रे आहेत. पाहणारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला, तरी चित्रातील पादत्राणाचे टोक आपल्याकडेच वळले आहे, असे त्याला वाटते. चित्र सपाट असते. फसतो तो डोळा.

डोळ्याच्या या स्वभावाचा शास्त्रीय उपयोग इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिला. दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखवली, तर मेंदू ती एकत्र करतो आणि सपाट चित्रात खोली दिसू लागते. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी संगणकाने काढलेली चित्रे दाखवणारे, डोक्यावर बसवावयाचे उपकरण तयार केले. ते इतके जड होते की, छताला टांगूनच वापरावे लागे. आजचा व्हीआर हेडसेट हा त्याचाच वंशज होय. डोके वळवले की त्यातील दृश्यही वळते, म्हणूनच या अनुभवाला ‘आभासी वास्तव’ म्हणतात.

आता आपल्या तरुणाकडे वळू. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. समजा, असेच एक कुटुंब लखनौच्या चौक भागात, सराफ्याजवळ राहते. त्या घरातील धाकट्या मुलाला मोटारशर्यतींचे वेड आहे. त्याच्या राज्यातील ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. तेथे मोटार चालवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून त्याने ‘सिम रेसिंग’चा मार्ग धरला. टेबलाला बसवलेले स्टिअरिंग चाक, पायाखाली पेडल आणि समोर संगणकाचा पडदा, एवढ्यावर ही शर्यत चालते. परंतु पडद्यावर वळण पुढून दिसते, बाजूने नाही. हेडसेट घातल्यास मान वळवून वळणाच्या आत पाहता येते आणि ब्रेक नेमका कोठे दाबावा, याचा अंदाज येतो. त्यासाठी त्याने दोन वर्षे पैसे साठवले होते.

एके दिवशी तो घाईघाईने म्हणाला, “आबा, एक जुना हेडसेट निम्म्या किमतीत मिळतोय. आजच घ्यावा म्हणतो.”

आबांनी हातातील काम थांबवले. “सोनं हाती आलं की आपण आधी काय करतो?”

“कसाला लावतो.”

“मग यालाही लाव. चकाकी बघून पैसे मोजू नकोस.”

मुलगा विचारात पडला. सोन्याला कसोटीचा दगड आहे. या वस्तूची कसोटी कोणती? त्याने माहिती मिळवली, तेव्हा एका ऐवजी पाच कसोट्या हाती आल्या.

पहिली कसोटी उपयोगाची. सिम रेसिंग करणारा माणूस बसलेला असतो आणि त्याचे हात चाकावर असतात. खोलीत फिरण्यासाठी लागणारी जादा साधने किंवा उत्तम हातनियंत्रक यांचा त्याला फारसा उपयोग नाही. त्याने स्पष्ट चित्र आणि डोक्यावर नीट बसणारा पट्टा यांसाठी पैसे खर्चावेत.

दुसरी कसोटी आपल्या डोळ्यांची. दोन बाहुल्यांमधील अंतर प्रौढ व्यक्तीत सरासरी ६३ मिलिमीटर असते; पण ते माणसागणिक बदलते. हेडसेटच्या भिंगांमधील अंतर त्याच्याशी जुळले नाही, तर चित्र धूसर दिसते आणि डोळे शिणतात. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये हे अंतर चाक फिरवून हवे तसे बदलता येते. त्याच कंपनीच्या क्वेस्ट ३एसमध्ये तीनच ठराविक अंतरे आहेत. चष्मा वापरणाऱ्याने हेडसेटमध्ये चष्म्यास जागा आहे का, किंवा आपल्या नंबरची भिंगे आत बसवता येतात का, हेही विचारावे.

तिसरी कसोटी स्पष्टतेची. निकोप डोळा दृष्टीच्या एका अंशात सुमारे ६० बिंदू वेगळे ओळखू शकतो. क्वेस्ट ३ मध्ये एका अंशात सुमारे २५ बिंदू येतात. म्हणजे दूरवरची, ब्रेकचे अंतर दाखवणारी पाटी प्रत्यक्षाइतकी स्वच्छ दिसणार नाही. पायमॅक्स क्रिस्टल लाइट या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यापुढे २८८० गुणिले २८८० बिंदू असतात, त्यामुळे दूरचे अधिक स्वच्छ दिसते. परंतु त्याचा भार संगणकावर पडतो.

म्हणून चौथी कसोटी संगणकाची. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ गुणिले २२०८, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ९१ लाख बिंदू असतात. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर ते सुमारे २१ लाख असतात. हे चौपटीहून अधिक काम सेकंदाला ९० वेळा करावयाचे, तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे ११ मिलिसेकंदच मिळतात. ग्राफिक्स कार्ड मागे पडले की दृश्य अडखळते. आधीच डोळे सांगतात ‘आपण धावत आहोत’ आणि कानातील तोलाचे इंद्रिय सांगते ‘आपण बसलो आहोत’. या विसंवादाने मळमळ होते. अडखळणाऱ्या दृश्याने ती वाढते. नवशिक्याने दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि अस्वस्थ वाटताच थांबावे.

पाचवी कसोटी आधाराची. हेडसेट हा संगणकातील प्रणालीवर जगतो. एचपी कंपनीचा २०२० मधील रिव्हर्ब जी२ हा हेडसेट स्पष्टतेसाठी सिम रेसिंग करणाऱ्यांत लोकप्रिय होता. तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या प्रणालीवर चालत असे. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून ती प्रणाली काढून टाकण्यात आली. यंत्र धडधाकट होते. त्याचा आधार तुटला होता.

निम्म्या किमतीचा तो हेडसेट याच जातीचा निघाला. मुलाने तो नाकारला. पुढे ओळखीच्या एका मित्राकडे अर्धा तास बसून त्याने दुसरा हेडसेट लावून पाहिला. बाहुल्यांचे अंतर जुळले, मळमळ झाली नाही. पण आपल्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड अपुरे आहे, हेही ध्यानात आले. तेव्हा त्याने आधी कार्ड घेण्याचे आणि मध्यम किमतीचा हेडसेट सहा महिन्यांनी घेण्याचे ठरवले. घेतेवेळी पक्के बिल घ्यावे, परदेशातून आणलेल्या वस्तूची हमी भारतात कोण देणार, हे लिहून मागावे, असेही त्याने टिपून ठेवले.

आबा एवढेच म्हणाले, “आता तुझ्या हातात पैसे टिकतील.”

वस्तूची किंमत तिच्यावर लिहिलेली असते. तिचे मोल मात्र आपल्या गरजेवर ठरते. थांबता येणे हाही पारखीचाच एक भाग आहे.

शब्दार्थ

चित्रवीथी – चित्रे मांडून ठेवलेले दालन
पारख – गुणदोष ओळखण्याची क्षमता
कस – सोन्याची शुद्धता, दर्जा
विसंवाद – मेळ नसणे

भाषाविचार

‘कसाला लावणे’ म्हणजे परीक्षा घेणे. ‘कसाला उतरणे’ म्हणजे परीक्षेत खरे ठरणे. उदा. संकटात मैत्री कसाला लागते. खरा मित्र कसाला उतरतो.

पाठगत प्रश्न

१. सदरलँड यांचे उपकरण छताला का टांगावे लागे?
२. सिम रेसिंग करणाऱ्याला उत्तम हातनियंत्रकाची गरज का नसते?
३. ‘यंत्र धडधाकट होते, त्याचा आधार तुटला होता’, असे कशाविषयी म्हटले आहे?

तुम्ही काय शिकलात?

• दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवून खोलीचा भास निर्माण करता येतो.
• उपयोग, डोळे, स्पष्टता, संगणक आणि आधार या पाच कसोट्या लावून हेडसेट निवडावा.
• स्वस्त किंवा महाग यापेक्षा ‘आपल्यासाठी योग्य’ हा निकष महत्त्वाचा आहे.

स्वाध्याय

१. आबांनी मुलाला थेट नकार न देता प्रश्न विचारला. यातून त्यांच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो? पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. तुम्ही घेऊ इच्छिता अशा एका वस्तूसाठी तीन कसोट्या तयार करा व त्यांची कारणे द्या.
३. ‘कसाला उतरणे’ या वाक्प्रचाराचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. ते फार जड होते म्हणून.
२. त्याचे हात स्टिअरिंग चाकावर असतात म्हणून.
३. रिव्हर्ब जी२ या हेडसेटविषयी.