तरंगणारं झाड आणि आजोबांचा फोटो

आमच्या घरी ओटीवरच्या भिंतीला आजी-आजोबांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. दोघं शेजारी-शेजारी बसलेले. लहानपणापासून बघतोय, पण त्यात काहीतरी खटकायचं. काय ते कळलं थेट थर्ड इयरला, आणि तेही एका अमेरिकन माणसामुळे!

झालं असं की फोटोग्राफी क्लबचं कपाट आवरताना जेरी युल्समन यांच्या फोटोंचं पुस्तक हाती लागलं. एका फोटोत पाण्यावर अधांतरी तरंगणारं झाड, मुळांसकट. दुसऱ्यात पुस्तकांनी भरलेली अभ्यासिका, आणि छताच्या जागी ढगांनी भरलेलं आभाळ. रूममेट मानही वर न करता म्हणाला, "फोटोशॉप आहे रे." म्हटलं, बाबा, खालचं साल वाच. झाड 1969 चं, अभ्यासिका 1976 ची. फोटोशॉप बाजारात आलं 1990 साली!

मग हे केलं कसं? सबमिशन बाजूला ठेवून तेच वाचत बसलो. युल्समन (1934-2022) फ्लोरिडा विद्यापीठात फोटोग्राफी शिकवायचे. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. सगळी करामत डार्करूममधली.

डार्करूममध्ये एन्लार्जर असतो. उभा प्रोजेक्टरच समजा. वर निगेटिव्ह, मध्ये लेन्स, खाली फोटोचा कागद. आपण एक एन्लार्जर वापरतो, युल्समन अर्धा डझन किंवा त्याहून जास्त ओळीने मांडायचे. एकात झाड, दुसऱ्यात तळं, तिसऱ्यात ढग. कागद मात्र एकच. वर्कशॉपमध्ये जॉब एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जातो ना, तसाच हा कागद पुढे सरकायचा.

गोम इथेच आहे. कागदावर जिथे प्रकाश पडतो ती जागा डेव्हलपरमध्ये काळी होते. एकदा पडलेला प्रकाश परत काढता येत नाही. म्हणजे इथे फक्त बेरीज, वजाबाकी नाही! म्हणून पुढच्या चित्रासाठी कागदावर जागा कोरी राखावी लागते. झाडामागचं आभाळ उजळ असेल तर निगेटिव्हवर तो भाग दाट काळा येतो, प्रकाश अडवतो, आणि कागद तिथे जवळजवळ पांढराच राहतो. उरलेला भाग पुठ्ठ्याने झाकायचा. पुठ्ठा कागदाला टेकवला तर कडक रेघ उमटते. तो कागद आणि लेन्स यांच्या मध्ये धरून हलकेच हलवत राहिलं की कड विरघळते, आणि सांधा दिसत नाही.

आणि जागेवर जुळवायचं कसं? आधी साध्या कागदावर पहिल्या चित्राची पेन्सिलने आउटलाइन काढायची, दुसरं चित्र त्यावर पाडून जुळवायचं. लेन्सखाली लाल फिल्टर ठेवला की खऱ्या कागदावरसुद्धा चित्र बघता येतं, कारण हा कागद लाल प्रकाशाला दाद देत नाही.

करून बघायचंय? दोन फोटो ओएचपी शीटवर प्रिंट करा आणि एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरा. काळं सगळं झाकतं, पांढऱ्या जागेतून दुसरं चित्र डोकावतं. अर्धा धडा तिथेच संपला.

उरलेला अर्धा आपण ड्रॉइंगमध्ये शिकलोच आहोत. सगळ्या तुकड्यांची क्षितिजरेषा जुळली पाहिजे, आणि प्रकाश एकाच बाजूने आला पाहिजे. सावल्या दोन दिशांना गेल्या की डोळा अडखळतो, कारण सांगता आलं नाही तरी!

हे वाचलं आणि एकदम ओटीवरचा फोटो आठवला. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्या गेल्या स्टूलवर चढलो. आजोबांच्या नाकाची सावली डावीकडे, आजीच्या नाकाची उजवीकडे. दोघांच्या मध्ये एक पुसट, ब्रशने रंगवलेली रेघ.

आजीला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही एकत्र फोटो कधी काढलाच नाही. तुझे आजोबा गेल्यावर तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने जोडून दिला. त्यांचा सोसायटीच्या ग्रुप फोटोतला घेतला, माझा तिथेच काढला."

मी उत्साहात म्हटलं, "आजी, सावली चुकलीय. कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत नीट करून देतो."

"त्यात त्यांचं तोंड बदलेल का रे?"

थोडं बदललं असतं. सावली फिरवायची म्हणजे गालावरचा, नाकावरचा उजेड फिरवायचा, आणि आजोबांचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. मी स्टूलवरून उतरलो, काच पुसली आणि फोटो होता तिथे परत लावला.

युल्समन यांच्या झाडाला कुणी खरं समजत नाही. आमच्या फोटोला मात्र मी वीस वर्षं खरं समजलो. आता फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलंय : दोन फोटो जोडून केलेला. आजीला विचारूनच!