तळ्याचा तळ आणि माशांचा आश्रय

तळ्यातील मासे सर्वत्र सारखे नसतात. खोलगट जागा, एकदम उतरणारा तळ, बुडालेली झाडे यांच्या आश्रयास ते राहतात. तेथे दृष्टी पोहोचत नाही, ध्वनी पोहोचतो.

१८२६ साली कोलादों व स्टर्म यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदास सुमारे १,४३५ मीटर भरला. होडीवरील सोनार यंत्राने सोडलेला ध्वनी तळावर आपटून १/५० सेकंदात परत आला, तर जाण्यायेण्याचे अंतर २८.७ मीटर, खोली त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे १४ मीटर. कठीण तळाचा प्रतिध्वनी जोरकस, मऊ गाळाचा क्षीण असतो. अशा हजारो नोंदी स्थानासह जुळवून संगणक तळाचा नकाशा काढतो.

कृती : घमेल्यात दगड मांडून गढूळ पाणी भरावे. वर दोऱ्यांच्या चौकटी ताणाव्यात. प्रत्येक छेदाशी काडीने खोली मोजून मुलांनी ती कागदावर मांडावी व समान खोलीचे बिंदू जोडावेत. शेवटी पाणी काढून पडताळा पाहावा.

नकाशा आश्रय दाखवितो. तेथे मासा असेलच असे नाही. जाळे कोठे टाकावे हे त्यावरून ठरविता येते. तसेच विणीच्या हंगामात कोणती जागा राखावी, हेही ठरविता येते. ही दुसरी बाजू मुलांच्या मनावर विशेष बिंबवावी.