५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण

शौर्य म्हटलें कीं तरवार व तोफ हींच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु शिपायाच्या धैर्याची परीक्षा रणांगणाबाहेरहि होते. अशा एका पलटणीचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललें. गुलामगिरी राखूं पाहणारीं दक्षिणेकडील राज्यें संघराज्यांतून फुटून निघालीं, हें त्याचें मूळ. १ जानेवारी १८६३ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं बंडखोर प्रदेशांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. त्यांत मुक्त झालेल्यांस सैन्यांत घेण्याचीहि तरतूद होती. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर अँड्र्यू यांनीं कृष्णवर्णी स्वयंसेवकांची ही पायदळ पलटण उभारली. आरंभीं तिचे अंमलदार मात्र गौरवर्णीच होते. २५ वर्षांचे रॉबर्ट गूल्ड शॉ हे तिचे कर्नल झाले. स्वतः गुलामगिरींतून निसटलेले विख्यात वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनीं भरतीसाठीं खटपट केली व आपले दोन पुत्रहि पलटणींत धाडले.

१८ जुलै १८६३ च्या सायंकाळीं चार्ल्स्टन बंदराजवळील वॅग्नर किल्ल्यावर ही पलटण सर्वांपुढें चालून गेली. एकीकडे समुद्र, दुसरीकडे दलदल व मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी! सुमारें ६०० जणांपैकीं २५० हून अधिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शॉ तटावरच पडले. सार्जंट विल्यम कार्नी यांनीं अनेक जखमा सोसून निशाण परत आणलें. त्याबद्दलचें सन्मानपदक त्यांस १९०० सालीं मिळालें. त्या दिवशीं किल्ला सर झाला नाहीं. परंतु कृष्णवर्णी मनुष्य लढूं शकत नाहीं, असें म्हणणारांस उत्तर मिळालें.

याहून कठीण कसोटी पगाराची होती. भरतीच्या वेळीं दरमहा १३ डॉलरांचें वचन दिलें होतें. प्रत्यक्षांत १० डॉलर ठरले, व त्यांतूनहि कपड्यांचे ३ कापून हातीं ७ च यावयाचे. शिपायांनीं तो पगार नाकारला. उरलेली रक्कम मॅसॅच्युसेट्स सरकार भरून देऊं लागलें, तेंहि त्यांनीं घेतलें नाहीं. कारण प्रश्न पैशांचा नसून समान मानाचा होता. घरीं मुलेंबाळें हालांत असतां वर्षाहून अधिक काळ ते बिनपगारी लढले. अखेर जून १८६४ मध्यें काँग्रेसनें समान वेतनाचा कायदा केला.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. ती अर्पणपत्रिका वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांनीं ७ डॉलर परत करणाऱ्या या शिपायांचेंहि स्मरण करावें.